मुलाला पहिला चष्मा लागला आहे? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी लहान मुलांचे डोळे तपासण्याचं आणि त्यांना चष्मा बसवून देण्याचं काम करते. नंबर निघाला असं सांगितल्यावर पालकांचे काही प्रश्न तिथल्या तिथे येतात, काही दारापर्यंत जाऊन मागे वळल्यावर येतात. इथे दोन्ही प्रकारचे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या: मोठ्या माणसाला चष्मा लागतो तो आज स्पष्ट दिसावं म्हणून. लहान मुलाला तो त्याशिवाय मेंदूने नीट बघायला शिकावं म्हणूनही लागतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या फरकात आहे.

इतक्या लहानपणी नंबर कसा लागला? आमचं काही चुकलं का?

नाही. नंबर म्हणजे डोळ्याच्या मापातला फरक. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी ती २४ च्या आसपास जाते. ही वाढ होताना डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा एकमेकांशी जुळले नाहीत, की प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर नेमकी पडत नाही. डोळा लांब झाला तर मायनस नंबर, आखूड राहिला तर प्लस, आणि बुबुळाचा गोलावा दोन दिशांना वेगळा असेल तर सिलिंड्रिकल. लांबीत फक्त १ मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबर अडीच-तीनने बदलतो.

आई किंवा वडिलांना मायनस नंबर असेल तर मुलाला लागण्याची शक्यता वाढते. सतत जवळचं बघणं आणि घराबाहेर कमी वेळ जाणं याचाही मायनस नंबरात हात असतो. प्लस आणि सिलिंड्रिकल नंबर मात्र बहुतेक वेळा डोळ्याच्या घडणीतूनच आलेले असतात, तिथे मोबाईलला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणीच्या खोलीत आईबाबांनी एकमेकांवर खापर फोडलं, की खुर्चीत बसलेलं मूल ते सगळं ऐकत असतं आणि आपल्यामुळे काहीतरी वाईट झालंय असं धरून बसतं. कृपा करून ते टाळा.

मुलाने कधीच तक्रार केली नाही. मग खरंच गरज आहे का?

धूसर दिसणाऱ्या मुलाला स्पष्ट म्हणजे काय हेच माहीत नसतं. सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं, मग तक्रार कशाची करणार? फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणं, डोळे बारीक करणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, उन्हात एकच डोळा मिटणं, वाचताना ओळ सुटणं ही त्याची तक्रार करायची पद्धत असते.

एकाच डोळ्याला जास्त नंबर असेल तर बऱ्याचदा यातलं एकही लक्षण दिसत नाही, कारण चांगला डोळा सगळं काम सांभाळून घेतो. घरी एक साधी गोष्ट करून बघता येईल. मूल आवडीचं चित्र बघत असताना आपल्या तळहाताने त्याचा एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर मूल शांत राहिलं आणि दुसरा झाकला की चुळबुळ करून हात ढकलू लागलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. दोन्ही वेळा शांत राहिलं म्हणून मात्र सगळं ठीक आहे असं समजू नका.

‘आळशी डोळा’ म्हणतात तो काय प्रकार आहे?

हे उत्तर जरा सविस्तर देते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

डोळा प्रतिमा पकडतो, पण बघण्याचं काम मेंदू करतो, आणि ते त्याला शिकावं लागतं. हे शिक्षण जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालतं. या काळात एका डोळ्याकडून सतत पुसट प्रतिमा आली, किंवा तिरळेपणामुळे दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळल्या नाहीत, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. डोळा वरून अगदी निरोगी दिसतो, पण त्याची दृष्टी घडतच नाही. वय वाढल्यावर कितीही अचूक नंबरची काच त्याच्यासमोर धरली तरी तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. वस्तू किती अंतरावर आहे याचा नीट अंदाज दोन्ही डोळे मिळून काम करतात तेव्हाच येतो, त्यातही कमतरता राहते.

उपचाराची पहिली पायरी चष्माच. कित्येक मुलांमध्ये फक्त चष्मा नियमित लावल्याने काही आठवडे ते काही महिन्यांत त्या डोळ्याची नजर चांगली सुधारते. तेवढं पुरलं नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी लावतात. मध्यम कमजोरी असेल तर सुरुवातीला बऱ्याचदा दिवसाचे २ तास पुरतात. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे, म्हणजे त्या डोळ्याची नजर काही काळ पुसट करणारे थेंब देतात. पट्टी चष्म्याच्या काचेवर नाही, थेट डोळ्याभोवतीच्या त्वचेवर चिकटवायची, नाहीतर मूल फटीतून बघतं. पट्टीच्या वेळात रंगवणं, मणी ओवणं, गोष्टीचं पुस्तक असं नजर लावून करायचं काम द्या.

मूल दहा-बारा वर्षांचं झालंय म्हणून हात टेकू नका. ७ ते १२ वयोगटातही उपचारांचा फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, आणि आधी काहीच उपचार न झालेल्या काही मोठ्या मुलांमध्येही. पण जितकं लवकर, तितकं सोपं.

डोळ्यांत थेंब घालून पुन्हा तपासायला का सांगतात? मशिनवर नंबर निघालाच होता ना?

मुलांच्या डोळ्यांतल्या भिंगाची फुगून फोकस बदलण्याची ताकद खूप मोठी असते. मशिनमध्ये डोकावताना मूल नकळत जवळचं बघितल्यासारखा जोर लावतं आणि मशिन खरा नसलेला मायनस नंबर दाखवतं, किंवा असलेला प्लस नंबर लपून जातो. थेंबांनी तो जोर काही काळ थांबतो आणि खरा नंबर सापडतो. त्यामुळे लहान मुलाचा पहिला चष्मा थेंब न घालता, नुसत्या मशिनच्या चिठ्ठीवर करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थेंब थोडे चुरचुरतात. मुलाला ‘काहीच होणार नाही’ असं सांगू नका. ‘थोडा वेळ झोंबेल, मग थांबेल’ असं खरं सांगितलं की पुढचा थेंब घालू देतं. नंतर बाहुल्या मोठ्या दिसतात, उजेड सहन होत नाही आणि जवळचं पुसट दिसतं. थेंब सायक्लोपेंटोलेट नावाच्या औषधाचे असतील तर परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो. ॲट्रोपिन दिलं असेल तर आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो, तेव्हा शाळेत तशी कल्पना द्या. थेंबांनंतर चेहरा लाल झाला, ताप आला किंवा मूल फारच चिडचिडं झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

अक्षरंही न येणाऱ्या मुलाचा नंबर बरोबर असेल कशावरून?

नंबर काढायला मुलाने काही वाचण्याची गरजच नसते. रेटिनोस्कोप नावाच्या छोट्या यंत्रातून डोळ्यात प्रकाशाची रेघ टाकतात, पडद्यावरून परत येणारी लालसर चमक कोणत्या दिशेला सरकते ते बघतात, आणि ती सरकायची थांबेपर्यंत समोर वेगवेगळ्या काचा धरतात. थेंब घातलेले असतील तर काही महिन्यांच्या बाळाचाही नंबर असा विश्वासाने काढता येतो. नजर किती आहे हे बघायला चित्रांचे तक्ते किंवा हाताने दिशा दाखवायचा ‘ई’चा तक्ता वापरतात.

कागदावरचे आकडे कसे वाचायचे?

समजा उजव्या डोळ्यापुढे ‘−१.५० / −०.७५ × १८०’ लिहिलंय. पहिला आकडा मुख्य नंबर: मायनस म्हणजे लांबचं पुसट, प्लस म्हणजे फोकस करायला डोळ्याला जादा जोर लावावा लागतो. दुसरा सिलिंड्रिकल नंबर. तिसरा त्या सिलिंडरचा कोन, तो १ ते १८० मध्ये कुठेही असू शकतो आणि तो मोठा म्हणजे नंबर मोठा असं काही नसतं. सोबत दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. काचा बसवताना ते लागतंच.

आत्तापासून चष्मा लावला तर डोळ्यांना सवय लागून नंबर वाढेल ना?

चष्म्याने नंबर वाढत नाही. मूल वाढतं तसा डोळा वाढतो, म्हणून मायनस नंबर वाढतो. तो चष्मा न लावताही वाढलाच असता. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन वाढ रोखता येते का, हेही तपासून झालंय: तसा फायदा दिसला नाही, उलट काही अभ्यासांत त्या मुलांचा नंबर जरा जास्तच वाढला.

‘सवय लागली’ असं वाटतं त्याचं कारण निराळं आहे. एकदा स्पष्ट दिसायला लागलं की मुलाला पुसट नको वाटतं आणि ते स्वतः चष्मा मागतं. ही चांगली खूण आहे.

दिवसभर लावायचा की फक्त अभ्यासाला?

प्लस नंबर, तिरळेपणा, आळशी डोळा, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक किंवा मोठा सिलिंडर यांपैकी काही असेल तर उठल्यापासून झोपेपर्यंत. डोळा जितके तास स्पष्ट बघेल तितके तास मेंदू शिकतो. थोडाच मायनस नंबर असलेल्या मोठ्या मुलाला डॉक्टर कधीकधी फक्त वर्गापुरता लावायला सांगतात, पण ते त्यांनी सांगितलं तरच.

चष्मा लावायला लागल्यापासून, तो काढला की डोळा जास्तच आत वळतो. चष्म्याने तिरळेपणा आला का?

नाही, पण हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. मोठा प्लस नंबर असलेलं मूल चष्म्याशिवाय स्पष्ट बघायला खूप जोर लावतं, आणि जवळचं बघण्याच्या जोराबरोबर डोळे आत वळणं हे शरीरात जोडलेलंच आहे. चष्मा तो जोर काढून घेतो, म्हणून चष्म्यात डोळे सरळ राहतात. काढला की मूल पुन्हा जोर लावतं आणि डोळा वळतो. आधीही तो वळतच होता. आता सरळ डोळे बघायची तुम्हाला सवय झाल्याने फरक डोळ्यांत भरतो. चष्मा लावलेला असतानाही डोळा वळत असेल तर मात्र तारखेची वाट न बघता दाखवा.

फ्रेम कशी निवडावी?

रंग मुलाला निवडू द्या, माप तुम्ही आणि चष्मा बसवणाऱ्याने बघा. वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी ‘दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका. ती घसरेल, मूल काचेच्या वरून बघेल, आणि सगळी तपासणी वाया जाईल.

लहान मुलांच्या नाकाचा पूल अजून उभा राहिलेला नसतो, त्यामुळे मोठ्यांच्या फ्रेमची छोटी आवृत्ती त्यांना बसतेच असं नाही. फ्रेम घालून मुलाला समोर बघायला सांगा: डोळ्याची बाहुली काचेच्या साधारण मध्यावर यायला हवी. मग हसायला सांगा: गाल फुगले की चष्मा वर उचलला जातो का? पापण्या काचेला घासतात का? मान खाली घालून जमिनीवरचं काही उचलायला सांगा: चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला तर ती फ्रेम नको. शेवटी कानामागे बोट फिरवा. काडी कानाच्या वळणाशी वाकली पाहिजे. पुढेच वाकली तर टोचते, फार मागे वाकली तर चष्मा सुटतो. दहा मिनिटं घातल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा कानामागे लाल खूण उमटली तर काडी किंवा नाकपॅड पुन्हा बसवून घ्या. मूल ‘टोचतंय’ म्हणतं तेव्हा ते बहाणा करत नसतं, बहुतेक वेळा खरंच टोचत असतं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मागे पट्टा असलेल्या मऊ, बिनबिजागरीच्या फ्रेम मिळतात. मोठ्या मुलांना बाहेरच्या बाजूलाही थोडी उघडणारी स्प्रिंगची बिजागरी टिकते.

काच कोणती?

पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या मजबूत प्लास्टिकची. दोन्ही हलक्या, फुटायला अवघड आणि अतिनील किरणं अडवणाऱ्या. वर ओरखडे न पडण्याचा थर हवा. खरी काच मुलांना नको. फक्त एकच डोळा चांगला असलेल्या मुलाने तर नंबर असो वा नसो, त्या डोळ्याच्या रक्षणासाठी असाच चष्मा कायम लावावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी जादा खर्च करू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने आधीच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी मूल जिना उतरताना पाय चाचपडतं, जमीन वाकडी दिसते म्हणतं. नंबर चुकला का?

बहुधा नाही. सिलिंड्रिकल नंबरात हे हमखास होतं, मेंदूला नव्या प्रतिमेशी जुळवून घ्यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर जिन्यावर हात धरा. प्लस नंबरवाल्या मुलाला सुरुवातीला चष्म्यातून लांबचं उलट पुसट दिसू शकतं, कारण जोर लावायची सवय लगेच सुटत नाही. दोन-तीन आठवड्यांनीही तीच तक्रार असेल, डोकं दुखत असेल किंवा मूल सारखं काचेच्या वरून बघत असेल, तर चष्मा घेऊन परत या. काच कागदावरच्या नंबरप्रमाणेच बनली आहे का हे मशिनवर मिनिटभरात कळतं.

मूल चष्मा ठेवतच नाही, ओढून फेकतं. काय करायचं?

आधी बसण्यातला दोष काढा, मग मुलाला समजवा. हा क्रम उलटा झाला की रोज भांडण होतं.

चष्मा नीट बसत असेल तर सुरुवात आवडीच्या कामापासून करा: गोष्ट वाचताना, चित्र काढताना. काढला तर न रागावता पुन्हा घाला, पुन्हा काढला तर थोडा वेळ बाजूला ठेवून परत घाला. अगदी लहान मुलं चष्मा ओढतात ते बऱ्याचदा तुमचा चेहरा कसा होतो ते बघायला. चेहरा शांत ठेवा. सकाळी कपडे घालताना चष्मा, रात्री झोपताना डबीत, असा नेम बसला की रोज मनधरणी करावी लागत नाही. घरात मोठ्यांना चष्मा असेल तर तुम्हीही मुलासमोर तो आनंदाने लावा.

नातेवाइकांपैकी कुणी मुलासमोर ‘अरेरे, एवढ्याशा जिवाला चष्मा!’ म्हणालं तर तिथेच प्रेमाने थांबवा. मुलं चष्म्याची लाज घरातूनच शिकतात. शाळेत शिक्षकांना आधी सांगून ठेवा: चष्मा कधी लावायचा, खेळाच्या तासाला कुठे ठेवायचा, आणि कुणी चिडवलं तर त्यांनी मध्ये पडायचं. मुलाकडे एक साधं उत्तर तयार असू द्या: ‘मला यातून नीट दिसतं.’ ते घरी दोन-चार वेळा म्हणून घेतलं की वर्गात अडखळत नाही.

खेळताना काढावा का?

धावपळीत साधा चष्मा मागच्या पट्ट्याने चालतो. चेंडूच्या किंवा रॅकेटच्या खेळात नंबरचे स्पोर्ट्स गॉगल सुरक्षित.

काचा साफ कशा करायच्या?

आधी नळाखाली धरा, म्हणजे धुळीचे कण निघून जातील, मग साबणाचा एक थेंब, पुन्हा पाणी, आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसलं की तीच धूळ काचेवर ओरखडे काढते. चष्मा दोन्ही हातांनी काढायला शिकवा, आणि ठेवताना काचा वर.

मायनस नंबर वाढू नये म्हणून काही करता येतं का?

पूर्ण थांबवता येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण वेग कमी करता येतो, आणि तो करण्यासारखा आहे. नंबर −६ च्या पुढे गेला की मोठेपणी पडदा सुटण्यासारख्या आजारांचा धोका वाढतो.

बाहेरचा उजेड हा सगळ्यात सोपा उपाय, विशेषतः नंबर अजून लागलेला नसेल तर. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्याचा कार्यक्रम राबवला, आणि कमी दिसणाऱ्या मुलांचं वर्षानुवर्षं वाढत चाललेलं प्रमाण त्यानंतर खाली वळलं. बाहेर खेळलंच पाहिजे असं नाही, सावलीत बसून गप्पा मारल्या तरी उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. धाकट्या भावंडांनाही सोबत न्या. पुस्तक हाताच्या कोपरापर्यंतच्या अंतरावर, आणि वीस-तीस मिनिटांनी नजर उचलून लांब बघणं ही सवय लावा.

नंबर झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टरांना कमी तीव्रतेच्या ॲट्रोपिनबद्दल, मायोपिया (मायनस नंबर) रोखण्यासाठी बनवलेल्या खास काचांबद्दल आणि कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल विचारा. या खास काचांच्या काही चाचण्यांत वाढीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला.

व्यायामाने नंबर जातो का? चष्मा कधी सुटेल?

डोळ्याची लांबी व्यायामाने कमी होत नाही, त्यामुळे नाही. थोडा प्लस नंबर वाढीबरोबर उतरू शकतो, मायनस सहसा उतरत नाही. लेझरचा विचार १८ पूर्ण झाल्यावर आणि नंबर स्थिर झाल्यावरच.

पुढची तपासणी कधी? आणि ताबडतोब कधी यायचं?

चष्मा लागल्यावर साधारण ६ महिन्यांनी. आळशी डोळा किंवा तिरळेपणा असेल तर डॉक्टर सांगतील तसं, बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनीच. येताना चष्मा आणि जुना कागद दोन्ही आणा.

बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी, तर त्याच दिवशी दाखवा. यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते आणि तिथे एकेक आठवडा मोलाचा असतो. डोळा अचानक तिरळा झाला, दोन-दोन दिसायला लागलं, डोळ्याला मार लागला किंवा नजर एकाएकी कमी झाली तरीही थांबू नका.